अरण्य, गावकूस आणि मराठी वनग्रंथ

मराठीत वनविषयक लेखनाची एक स्वतंत्र व समृद्ध परंपरा आहे. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६), व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि ‘सत्तांतर’, मारुती चितमपल्ली यांचे ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’ हे ग्रंथ त्या परंपरेचे मानबिंदू होत. १८ जून २०२५ रोजी चितमपल्ली यांचे निधन झाले, तेव्हा या ग्रंथांविषयी वाचक पुन्हा आपुलकीने बोलू लागले. विलेपार्ल्यासारख्या वाचनप्रिय उपनगरात या पुस्तकांना वाचकांची वाण नाही. याच उपनगराच्या शेजारी, अंधेरीच्या पूर्वेला, महाकाली म्हणून ओळखली जाणारी कोंडिवट्याची लेणी आहेत आणि थोडे उत्तरेस, बोरिवलीच्या रानात, कान्हेरी आहे. जेथे भिक्खुसंघ शतकानुशतके अरण्यात राहिला, त्या भूमीवरील बौद्ध वाचकाने वनग्रंथांचे मूल्य कोणत्या कसोटीवर ठरवावे, हा प्रश्न म्हणूनच अप्रस्तुत नाही.

अशी कसोटी पालि वाङ्मयात उपलब्ध आहे. अभिधम्मपिटकातील विभंगात अरण्याची जी व्याख्या आहे तीत वृक्ष नाहीत, पशू नाहीत आणि निर्जनताही नाही. गावाच्या वेशीवरील इंदखील, म्हणजे वेशीचा खांब, ओलांडला की पलीकडचे सर्व अरण्य, एवढेच तेथे सांगितले आहे. विनयात आरण्यक निवासासाठी गावापासून किमान पाचशे धनुष्यांचे अंतर ठरविले आहे; मात्र निवास गावापासून अतिदूर नसावा, अतिसमीपही नसावा, असेही सुत्तांत सांगितले आहे. भिक्खूला रोज पिंडपातासाठी गावात जावयाचे असते. पालि अरण्य हे अशा रीतीने गावाशी एका पायवाटेने जोडलेले आहे. भिक्खूंनी आजन्म अरण्यातच राहावे, ही देवदत्ताची मागणी तथागतांनी अमान्य केली आणि ज्याला इच्छा असेल त्याने अरण्यात राहावे, ज्याला इच्छा असेल त्याने गावाजवळ राहावे, असा निर्णय दिला. त्यामागील दृष्टी हीच होय.

ही पायवाट निसर्गवर्णनाच्या आड येत नाही. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात तथागत आपल्या बोधिपूर्व अरण्यवासाचे भय सांगतात. हरिण जवळून जाते, मोर काटकी पाडतो, वाऱ्याने पाचोळा सळसळतो आणि मनात भीती उभी राहते. निरीक्षण इतके सूक्ष्म आहे की कोणत्याही वनलेखकाने त्याचा हेवा करावा. परंतु त्याचा रोख मनाच्या परीक्षणाकडे आहे. थेरगाथेत महाकाश्यप पर्वताच्या, मेघांच्या, मोरांच्या सान्निध्यात रमतात. त्याच गाथासमूहात ते पर्वतावरून गावात उतरतात आणि एका कुष्ठरोग्याच्या हातचा घास घेतात. त्या रोग्याचे गळून पडलेले बोट पात्रात पडते, तरी त्यांना किळस येत नाही. डोंगराचे सौंदर्य आणि कुष्ठरोग्याचा हात एकाच स्थविराच्या मुखी यावेत, हे मला थेरगाथेचे सर्वांत मोठे वाङ्मयीन वैशिष्ट्य वाटते.

आंबेडकरी वाचकाच्या दृष्टीने सुनीत स्थविरांच्या गाथा याहून मोलाच्या आहेत. नीच मानलेल्या कुळात जन्मलेला, निर्माल्य झाडून फेकणारा, लोकांच्या तिरस्काराचा विषय झालेला हा मनुष्य तथागतांकडून प्रव्रज्या घेतो आणि एकटा अरण्यात राहून मुक्त होतो. पुढे इंद्र आणि ब्रह्मा हात जोडून त्याच्यापुढे येतात. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या १९५७ साली प्रकाशित झालेल्या धम्मग्रंथात सुनीताच्या धम्मदीक्षेला आवर्जून स्थान दिले. सुनीतासाठी अरण्य ही विश्रांतीची जागा नव्हती. गावाने त्याला दिलेली ओळख जेथे कोणी विचारत नाही, अशी ती जागा होती.

या कसोटीवर मराठी ग्रंथ पाहू. दुर्गाबाईंची गोष्ट विशेष लक्षणीय आहे. बौद्ध विनयातील न्यायविचारावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला (१९३९) आणि जातककथा ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने मराठीत आणल्या. ‘ऋतुचक्र’ त्यांचेच. रंग, गंध आणि पालवी टिपण्याचे त्यातील सामर्थ्य अजोड आहे. तेथे ऋतू हा इंद्रियांचा उत्सव होतो. विनयात मात्र ऋतू आचार घडवितो. पावसाळ्यात भिक्खू हिरवे गवत तुडवितात, लहान जीव चिरडतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि त्यातून वर्षावासाचा नियम झाला. मराठी वाचकाने विनयाच्या दुर्गाबाई आणि ‘ऋतुचक्रा’च्या दुर्गाबाई कधी शेजारी ठेवल्या नाहीत. त्या ठेवल्या तर दोन्ही ग्रंथांचा अर्थ वाढेल.

माडगूळकरांचे सामर्थ्य संयमात आहे. साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्ष ते कोणताही उपदेश न करता उलगडतात. हे अरण्य रम्य नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण. पण गावाकडची पायवाट येथे दिसत नाही. या कादंबरीला तिची गरज नव्हती, हेही मान्य केले पाहिजे.

चितमपल्ली यांच्याकडे ती पायवाट आहे. वनखात्यातील दीर्घ सेवेत त्यांनी गोंड, कोरकू, ढीवर यांच्याकडून पक्ष्यांची, झाडांची नावे गोळा केली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांचे ज्ञान मराठीच्या कोशात आणणे हे मोठे कार्य होय. तथापि त्यांच्या पुस्तकांत वनवासी मनुष्य बहुधा जाणकार म्हणून भेटतो; खात्याच्या नियमांशी झगडणारा माणूस म्हणून क्वचित भेटतो. आत्मचरित्राला त्यांनी ‘चकवाचांदण : एक वनोपनिषद’ असे नाव दिले. संस्कृतात रमलेल्या लेखकाची ही निवड स्वाभाविक आहे. परंतु या नावाने वाचकाच्या मनात आरण्यके आणि उपनिषदे यांचीच परंपरा उभी राहते. या देशाच्या अरण्यचिंतनात सुनीताचाही वाटा आहे, हे मराठी वाचकाला सांगावयाचे काम आपले आहे.

येथे विभंगातील व्याख्येकडे पुन्हा यावे लागते. वेशीच्या खांबापलीकडचे सर्व जर अरण्य, तर गावकुसाबाहेर ज्यांना वसविले ते सर्व अरण्यवासीच ठरतात. मग मराठीतील वनवाङ्मयाची यादी बदलते. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारच्या जंगलखात्याने डोंगर-कुरणे आपल्याकडे घेतल्यावर गरीब शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना चरावयास जागा उरली नाही, हे १८८३ सालीच मांडले. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरते, ओढ्याकाठचे फोक तोडते आणि त्यांच्या टोपल्या विणून पोट भरते. झाडाशी याहून निकटचा संबंध कोणाचा? तरीही ‘उपरा’ वनग्रंथांच्या फळीवर ठेवला जात नाही. झाड पाहणाऱ्याच्या लेखनाला आपण निसर्गलेखन म्हणतो आणि झाडावर जगणाऱ्याच्या लेखनाला आत्मकथन म्हणतो. हा भेद वाङ्मयीन नाही, सामाजिक आहे.

त्याचे परिणाम पुस्तकांपुरते मर्यादित राहत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशानंतर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून हजारो झोपड्या हटविण्यात आल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे येथे मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात तोडली गेली. एकदा जंगलाच्या नावाने माणूस हटविला गेला, एकदा विकासाच्या नावाने झाड. वारली पाड्यांनी हे दोन्ही पाहिले. जंगल राखले पाहिजे, यात वाद नाही. तुळशी आणि विहार या तलावांचे पाणी या शहराने विसरू नये. पण निर्मनुष्य अरण्य हेच शुद्ध अरण्य, ही कल्पना ज्या वाचकाच्या मनात पुस्तकांनी रुजविली, त्याला झोपडी हटताना काही खटकत नाही.

कान्हेरीचे शिलालेख या कल्पनेला उत्तर देतात. रानातील त्या लेण्यांसाठी आणि पाण्याच्या टाक्यांसाठी दान देणाऱ्यांत कल्याण, सोपारा येथील व्यापारी आहेत, कारागीर आहेत, भिक्खुणी आहेत. संयुत्त निकायातील वनरोप सुत्तातही वृक्ष लावणे, पूल बांधणे, पाणपोई आणि निवारा देणे ही पुण्ये एकत्रच गणली आहेत.

म्हणून वाचकांना विनंती अशी की, ‘ऋतुचक्र’, ‘सत्तांतर’, ‘रानवाटा’ जरूर वाचावीत. पाहावे कसे, हे त्यांच्याइतके कोणी शिकविलेले नाही. परंतु त्याच फळीवर थेरगाथा, ‘असूड’ आणि ‘उपरा’ ठेवावेत, आणि प्रत्येक वनग्रंथ मिटताना विचारावे : या रानातून माणसांकडे जाणारी वाट कोठे आहे, आणि तिच्यावरून कोण चालतो?