तारीख नाकारणारा ड्रायव्हर

समजा, ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या एखाद्या ऑफिसात बसून ग्वाल्हेर घराण्याच्या गवयांची सूची मोंगोडीबीत भरायची आहे. पहिलं नाव कृष्णराव शंकर पंडितांचं. जन्म याच शहरातला, २६ जुलै १८९३. पायथनमध्ये या तारखेचा डेट ऑब्जेक्ट करून पायमोंगोला, म्हणजे मोंगोडीबीच्या पायथन ड्रायव्हरला दिला, की तो एरर फेकून मोकळा होतो. नुसती तारीख तो घेतच नाही. या ड्रायव्हरमधली मला सर्वांत आवडणारी जागा हीच.

मोंगो ज्या स्वरूपात डेटा साठवतो त्या बीसॉनमध्ये निव्वळ दिवस साठवायची सोयच नाही. तिथे साठतो तो क्षण. १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद, ६४ बिटांच्या एका पूर्णांकात. पंडितजींचा जन्मदिवस तिथे उणे २४,१२,०२,८८,००,००० होतो. (सेकंदांत मोजून ३२ बिटांत बसवायला जाल तर मावणारच नाही, ती हद्द डिसेंबर १९०१ लाच संपते.) पण ही झाली यूटीसीची मध्यरात्र. ग्वाल्हेरची हवी असेल तर? भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ मध्ये. त्याआधीच्या काही दशकांना टाइमझोन डेटाबेसमधला आशिया/कोलकाता झोन मद्रासची वेळ लावतो: यूटीसीच्या ५ तास २१ मिनिटं १० सेकंद पुढे. साठवणीत मग पडतं २५ जुलै, १८:३८:५०. वाचताना पायमोंगो, वेगळं काही सांगितलं नसेल तर, झोन नसलेला डेटटाइम देतो. त्यातला दिवस तेवढा उचलला, की बुवा एक दिवस आधीच जन्माला येतात! जन्माची घटका मुळात कुणी सांगितलेलीच नव्हती, आणि ड्रायव्हर ती पदरची घालत नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

जावास्क्रिप्टमध्ये असा नकार मिळत नाही, कारण तिथला डेट म्हणजेच क्षण. चूक बिनबोभाट आत जाते. पोस्टग्रेसमध्ये दिवसासाठी वेगळा डेट प्रकार आहे, चार बाइटांचा. त्याचा पायथन ड्रायव्हर सायकोपीजी डेट घेतो, डेटच परत देतो. चोख काम, पण त्यात रंगण्यासारखं काही नाही.

मोंगोतच राहायचं तर जन्मतारीख ‘१८९३-०७-२६’ अशी साधी स्ट्रिंग म्हणून ठेवावी. वर्ष आधी असल्यानं क्रमवारीही बरोबर लागते. मैफलीला मात्र वेळ असतेच. तिथे झोनसकट डेटटाइम द्यावा आणि परत घेतानाही झोनसकटच मागावा. मायक्रोसेकंद तेवढे छाटले जातात, पण आठची मैफल साडेआठला सुरू करणाऱ्यांना त्याचं काय!