डेटाशीटमध्ये नसलेला आलेख

मंडळी, बपेऱ्यात आज आपण बोलणार आहोत ते एका कागदाबद्दल. कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, मग चार पानांच्या डेटाशीटची का होऊ नये? तीही कोणीतरी लिहिलेलीच असते. आमच्या हातात आहे बीसी 547 बी चं शीट. टाकी भरली की वाजणाऱ्या बझरपासून शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापर्यंत सगळीकडे सापडणारा हा ट्रान्झिस्टर.

डिप्लोमा केलेल्या प्रत्येकाने ट्रान्झिस्टरच्या आउटपुट कॅरॅक्टरिस्टिक्स काढलेल्या असतात. बेसचा प्रवाह कायम ठेवायचा, कलेक्टर-एमिटर व्होल्टेज वाढवत न्यायचं आणि कलेक्टरचा प्रवाह लिहीत जायचं. आम्हीही काढल्या. आमच्या जर्नलमधल्या रेषा पट्टीने आखल्यासारख्या आडव्या होत्या, कारण त्या पट्टीनेच आखल्या होत्या! रीडिंग वर चढत होतं, तेव्हा आम्हाला वाटलं मीटर बिघडलं. शेजारच्या बॅचचे आकडे उतरवले, सही मिळाली.

चूक मीटरची नव्हती. व्होल्टेज वाढलं की कलेक्टर-बेस सांध्यातला रिकामा पट्टा रुंदावतो, बेस आतून अरुंद होतो आणि प्रवाह थोडा वाढतो. 1952 मध्ये बेल लॅब्जच्या जेम्स अर्ली यांनी हे मांडलं. (अर्ली हे आडनाव आहे बरं का, 'लवकर' नव्हे. आमचा हा गैरसमज वर्षभर टिकला.) तिरक्या रेषा मागे वाढवल्या तर साधारण एका बिंदूत जाऊन मिळतात. तो बिंदू शून्याच्या डावीकडे जितक्या व्होल्टवर, तितकं अर्ली व्होल्टेज.

आता शीटकडे या. या ट्रान्झिस्टरच्या अनेक शीटवर हा आलेखच नसतो, आणि अर्ली व्होल्टेजचा आकडा तर नसतोच. आमची पहिली तक्रार हीच. पण जुन्या धाटणीच्या शीटवर एच-पॅरामीटरचा तक्ता असतो आणि त्यात एच-ओ-ई नावाची एक ओळ असते. विद्यार्थी ती सोडून देतात, आणि खरा ऐवज तिथेच आहे. बी गटासाठी ती सांगते: 2 मिलिअँपिअर आणि 5 व्होल्टला नमुनेदार 30 मायक्रोसिमेन्स, कमाल 60. म्हणजे रेषेचा चढच हातात आला. 2 मिलिअँपिअरला 30 मायक्रोसिमेन्सने भागा, जवळपास 67 व्होल्ट. त्यातून 5 वजा करा, 62. झालं अर्ली व्होल्टेज.

मग रेषा काढू. एच-एफ-ई नमुनेदार 290 धरली, बेसला 10 मायक्रोअँपिअर दिले, तर 5 व्होल्टला 2.9 मिलिअँपिअर. 1 व्होल्टला हाच प्रवाह 2.73 आणि 10 व्होल्टला 3.12 येतो. डावीकडचा गुडघा सॅच्युरेशनच्या ओळीवरून काढायचा: 10 मिलिअँपिअरला नमुनेदार 90 मिलिव्होल्ट, कमाल 250. वरची हद्द शक्तीची. 500 मिलिवॅट धरले तर 10 व्होल्टला 50 मिलिअँपिअरपलीकडे जायचं नाही. काही कंपन्या 625 छापतात, तेव्हा आपल्या हातातलं शीट बघूनच वक्र काढा.

इथे टाळ्या नकोत. कारण याच शीटवर बी गटाची एच-एफ-ई 200 ते 450 आहे. म्हणजे तोच 10 मायक्रोअँपिअर एका नगात 2 मिलिअँपिअर देईल, दुसऱ्यात साडेचार. चढामुळे पडणारा फरक पंधरा टक्क्यांच्या आत आणि रेषेची जागाच दुपटीहून जास्त हलते! एच-ओ-ई कमाल धरली तर अर्ली व्होल्टेजही 62 वरून 28 वर येतं. टू-एन 3904 ची गंमत तर आणखी मोठी: 1 मिलिअँपिअर, 10 व्होल्टला एच-ओ-ई 1 ते 40 मायक्रोसिमेन्स. हिशेब केला तर अर्ली व्होल्टेज 15 पासून 990 पर्यंत काहीही! याला माहिती म्हणायचं की कंपनीने स्वतःभोवती घातलेलं कुंपण? आम्हाला तर कुंपणच वाटतं. नमुनेदार आकडा देणारं शीट निदान आपल्याशी बोलतं.

पण प्रयोगशाळेतला आलेखही सोवळा नाही. 10 मिलिअँपिअर आणि 10 व्होल्टला आत 100 मिलिवॅट जळतात. शीटवर उष्णतारोध वॅटमागे 250 अंश, म्हणजे ट्रान्झिस्टर पंचवीस अंशांनी तापतो. गेन अंशामागे अर्धा ते एक टक्का वाढतो, तेव्हा बारा ते पंचवीस टक्के प्रवाह नुसत्या तापण्याने चढतो. आपण सावकाश रीडिंग घेतो आणि तो सगळा चढ अर्लीच्या नावावर टाकतो. एच-ओ-ई 1 किलोहर्ट्झला मोजलेली असते, तिच्यात ही संथ उष्णता फारशी शिरत नाही. म्हणून या एका बाबतीत कागद आमच्या जर्नलपेक्षा बरा.

मागून एकाने विचारलंय, तुमसरच्या बाजारातून आणलेल्या नगाचं काय? त्याच्यावर बी आहे की सी ते आधी बघा. सी असेल तर एच-ओ-ई नमुनेदार 60, अर्ली व्होल्टेज 28 च्या आसपास आणि एच-एफ-ई 420 ते 800. अक्षरच पुसलेलं असेल तर मल्टिमीटरच्या एच-एफ-ई च्या खाचेत घाला, आकडा लिहून घ्या आणि रेषा त्या आकड्यावरून काढा. ही खाच तुमच्याकडच्या मीटरला आहे ना? मग पुढच्या वेळी घेऊन या, इथेच पाच-सात नग मोजू.