मॉर्फीनचं कुलूप उघडलं, पण घरी कोण जाणार?

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपशामक सेवा. आजार बरा होणार नसला, तरी वेदना, धाप, भीती कमी करता येतात, त्यासाठीची. आपली याबद्दलची धोरणं वाचताना एक गोष्ट खटकते: औषधाचा विचार झाला, ते घरी घेऊन जाणाऱ्या माणसाचा झाला नाही.

आता औषधाचंच बघा. नीमच आणि गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने आहेत, आणि मॉर्फीन अफूपासूनच बनतं. म्हणजे कच्चा माल घरचाच. तरी १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यामुळे परवान्यांचं असं जंजाळ झालं, की रुग्णालयं मॉर्फीन ठेवायला धजेनात. डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांची वाट सोपी झाली.

दुरुस्ती चांगलीच. पण मान्यता मागणार कोण? ज्या तालुक्याच्या रुग्णालयात हे शिकलेला डॉक्टरच नाही, तिथून अर्जच जात नाही.

दुसरी अडचण पैशाची. आयुष्मान भारतच्या विम्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. अंथरुणाला खिळलेल्या आजींची जखम धुवायला नर्स घरी गेली, तर ती फेरी त्यात बसत नाही. मग घरचे गाडी ठरवून आजींना पुन्हा शहरात आणतात.

सरकार म्हणेल, आरोग्य केंद्राच्या सेवांच्या यादीत हे आहेच की! आहे. पण त्याच आरोग्यसेविकेकडे लसीकरण आहे, गरोदर बायका आहेत. काम वाढलं, हात तेवढेच.

केरळने सुरुवातच दुसऱ्या टोकाकडून केली. कोझिकोडला १९९३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर काम उभं राहिलं होतं. २००८ च्या धोरणाने ते पंचायतींशी जोडलं, आणि नर्स घरोघर जाऊ लागली. तो साचा गडचिरोलीत जसाच्या तसा बसणार नाही, हे आम्हालाही मान्य आहे. तिथली अंतरं वेगळी, पंचायतीची ऐपत वेगळी. पण प्रश्न तोच विचारता येतो.

तेव्हा पुढचं धोरण हातात आलं, की आपण त्यात एकच ओळ शोधू या: घरी कोण जाणार, आणि त्याचा पगार कोण देणार? ती नसेल, तर बाकीची पानं कितीही चांगली असोत, आजींपर्यंत काही पोचत नाही.