भूमिका आधी, भाषण मागून

हौशी रंगभूमीवरील नटांच्या गुणदोषांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. त्यांना शिकविले कसे जाते, याची मात्र क्वचितच. तालीम म्हणजे भाषणे पाठ करविणे, असाच रूढ समज आहे. नकला वाटल्या, त्या मुखोद्गत झाल्या, कोणी कोठे उभे राहावयाचे ते ठरले, की भूमिका सिद्ध झाली! वस्तुतः एवढ्याने भूमिकेस आरंभही झालेला नसतो.

मालवण-कुडाळकडील दशावतारी नटाची रीत याच्या नेमकी उलट आहे. देवळाच्या जत्रेत रात्री रंगणाऱ्या या खेळाला लिखित संहिता नसते. आख्यान कोणते व त्यात कोणी कोण व्हावयाचे, एवढे ठरते. नट आपले तोंड आपल्याच हाताने रंगवितो आणि संवाद उभ्या उभ्या रचतो. समोरचा राजा काय विचारील हे ठाऊक नसता राक्षसाने उत्तर द्यावयाचे, तर आपण कोण आणि आपणास काय हवे, हे त्याच्या मनात आधीच पक्के असावे लागते. ‘या प्रसंगी या व्यक्तीस काय हवे आहे?’ हा प्रश्न रशियन नाट्याचार्य स्तानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८) यांनी नटाच्या साधनेत अग्रभागी ठेवला. त्याचे उत्तर हाती असल्यावाचून दशावतारी नटास तोंडच उघडता येत नाही.

तथापि दशावतार हीच परिपूर्ण नाट्यशाळा होय, असे मात्र म्हणवत नाही. गर्जणारा राक्षस, धीरगंभीर राजा, शोकाकुल राणी हे तेथील साचे ठरून गेलेले असतात; लिखित नाटकातील माणूस साच्यात मावत नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील (१९१९) सुधाकर घ्या. हौशी नट पहिल्या तालमीपासूनच झोकांड्या देऊ लागतो. पण सुधाकर मुळात बुद्धिमान आणि मानी वकील आहे. त्याची सनद जाते, अपमान त्यास साहवत नाही, आणि तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो. ज्याने तो ताठा आधी उभा केला नाही, त्याच्या अधःपाताची खोली प्रेक्षकांस कशी कळावी?

यास्तव शिक्षकाने नक्कल देण्यापूर्वी नटास कथा सांगावी आणि एक प्रसंग स्वतःच्या शब्दांत करावयास लावावा. सनद गेलेला सुधाकर घरी आला आहे. सिंधूला तो काय सांगेल, काय लपवील? नट जेथे अडखळेल, तेथे त्यास सुधाकर उमगलेला नाही, हे गुरुशिष्य दोघांनाही कळेल. मग गडकऱ्यांचे भाषण हाती द्यावे. आपले तोकडे वाक्य आणि नाटककाराचे वाक्य यांतील अंतर पाहिले, की तो शब्द तेथे का आला हे नटास समजते. पुढे त्यातील एक अक्षरही बदलण्याची मुभा त्यास असू नये.

यात वेळ जातो, हा आक्षेप खरा आहे. परंतु दोन संध्याकाळ वाचविण्याकरिता आपण पोपट तयार करावे काय? न समजता पाठ म्हणून उत्तीर्ण होण्याची विद्या आमच्या वर्गांत पुरेशी शिकविली जाते. निदान रंगभूमीने तरी ती शिकवू नये.