रिले सेवेतला ‘मी’ कोणाचा?

विषय तांत्रिक वाटेल, पण आम्हाला तो भाषेचाच वाटतो. अमेरिकेत १९६४ साली रॉबर्ट वाइटब्रेख्त या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने टेलिप्रिंटर साध्या फोनला जोडता येईल असं उपकरण केलं. कर्णबधिर माणसं एकमेकांशी टाइप करून बोलू लागली. पण वाण्याकडे, डॉक्टरकडे ते यंत्र कुठलं असायला? तिथं मध्ये माणूस आला. टाइप केलेलं तो वाचून दाखवणार, ऐकलेलं टाइप करणार. आपलं संपलं की ‘गो अहेड’ म्हणायचं, मग दुसऱ्याची पाळी. (ही शिस्त आमच्या विभागाच्या सभांना लाभली असती तर!) १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने ही सेवा देशभर बंधनकारक केली, २६ जुलै १९९३ ही मुदत होती.

कायद्याचे शब्द आहेत ‘कार्यदृष्ट्या समतुल्य’ सेवा. ऑपरेटरने शब्द बदलायचे नाहीत, ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही, संभाषणाची नोंद ठेवायची नाही. आणि बोलायचं प्रथमपुरुषी. ‘त्यांच्या पोटात दुखतंय’ असं नव्हे, ‘माझ्या पोटात दुखतंय’. थोडक्यात, ऑपरेटर म्हणजे तार.

आमचा आक्षेप इथं आहे. तार ऐकत नाही, म्हणून तिला गुपित ठेवावं लागत नाही. इथं माणसाने ऐकायचंय, आणि ऐकलंच नाही असं राहायचंय. ही यंत्राची गोष्ट नाही, व्रताची आहे. पण नियमांनी मोजलं काय? ८५ टक्के कॉल १० सेकंदांत उचलले पाहिजेत, मिनिटाला किमान ६० शब्द टाइप झाले पाहिजेत. ही मापं तारेची झाली. संभाषण तुटतं ते पलीकडे. अनोळखी आवाज ‘रिले सेवा’ म्हणाला की काहीतरी विकायला आलाय असं समजून ऐकणारा फोन ठेवतो. ते सेकंद कुठल्या रकान्यात लिहायचे? रिलेचा कॉल इतर कॉलसारखाच घ्या, असं सरकारी कार्यालयांना आणि व्यवसायांना २०१० च्या नियमांत स्पष्ट बजावावं लागलं. वीस वर्षांनी!

वाचादोष असलेल्यांसाठी २००१ पासून वेगळी सेवा बंधनकारक झाली. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्यांचं बोलणं अस्पष्ट आहे, त्यांचं वाक्य तयार कानाचा ऑपरेटर पुन्हा उच्चारतो. नीट पाहा, इथं आवाज आहे, भाषा आहे, कमी आहे ती ऐकणाऱ्याची. मग अक्षमता नेमकी कोणाची? कायद्याने मात्र हीही गोष्ट तारेच्याच खात्यात टाकली.

२०१८ मध्ये, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या फोनवर पलीकडचं बोलणं अक्षरांत दाखवायला संपूर्ण स्वयंचलित यंत्रालाही परवानगी मिळाली. तिसऱ्याने ऐकण्याचा संकोच त्यात गेला, हे आम्ही नाकारत नाही. पण न कळलेल्या शब्दाशी थांबून ‘पुन्हा सांगाल का?’ असं ते यंत्र कुणाला विचारत नाही.