युद्धनौकांची शासकीय खरेदी आणि स्वदेशी जहाजबांधणी : एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सुरत’ ही विनाशिका, ‘निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. तिन्ही माझगाव गोदीत बांधलेल्या. या घटनेचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते रास्तच होते. तथापि, यांपैकी ‘वाघशीर’ ही २००५ मध्ये झालेल्या सहा पाणबुड्यांच्या करारातील अखेरची पाणबुडी होय. म्हणजे करार आणि त्याची पूर्तता यांत सुमारे वीस वर्षे गेली. स्वदेशी युद्धनौकाबांधणीचे मूल्यमापन करताना अभिमान आणि हा कालावधी, दोन्ही एकाच वेळी ध्यानात घ्यावे लागतात. ‘आयात की स्वदेशी’ या परिचित वादाहून ‘सातत्य की खंड’ हा प्रश्न अधिक मूलभूत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. पूर्वपीठिका

मुंबईला जहाजबांधणीची परंपरा नवी नाही. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे शतकाहून अधिक काळ येथील गोदीत जहाजे बांधली. ब्रिटिश नौदलासाठी मलबारी सागापासून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ चे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. परंतु या कलेचा मोठा ग्राहक ईस्ट इंडिया कंपनी आणि ब्रिटिश नौदल हाच होता. लाकडाची जागा लोखंडाने आणि शिडाची जागा वाफेने घेतली, तेव्हा या ग्राहकाची मागणी इंग्लंडमधील कारखान्यांकडे वळली. कारागीर कुशल होते. त्यांच्या कौशल्याला नव्या तंत्राकडे नेणारी सत्ता मात्र त्यांची नव्हती.

स्वातंत्र्यानंतर ही सत्ता हाती आली. १९६० मध्ये शासनाने माझगाव गोदी ताब्यात घेतली. ब्रिटिश लिअँडर आराखड्यावर आधारलेली पहिली ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली आणि त्याच मालिकेतील सहावी नौका १९८१ मध्ये. दरम्यान नौदलाने स्वतःचा आराखडा विभाग उभारला. त्याचे फलित म्हणजे १९८३ ची ‘गोदावरी’. खरेदीदारानेच आराखडा करण्याची क्षमता कमावणे, हे आपल्या नौदलाचे वैशिष्ट्य ठरले. सहा नौकांची अखंड मालिका आणि तीतून आलेले आत्मविश्वासाचे पाऊल यांतील संबंध येथे लक्षणीय आहे.

२. खंडित मागणी : पाणबुड्यांचे उदाहरण

याच्या उलट उदाहरण पाणबुड्यांचे. १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू या कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कील येथे बांधल्या गेल्या. ‘शाल्की’ आणि ‘शंकुल’ या दोन माझगाव गोदीत बांधून अनुक्रमे १९९२ आणि १९९४ मध्ये नौदलात दाखल झाल्या. दरम्यान १९८७ मध्ये या व्यवहारात गैरप्रकाराचे आरोप झाले आणि पुढील पाणबुड्यांचा विचार बारगळला. पाणबुडीचे पाण्याचा दाब सोसणारे कवच जोडणे हे पुस्तकातून शिकता येणारे काम नव्हे. त्यासाठी वेल्डर, तपासनीस आणि आरेखक यांची वर्षानुवर्षे एकत्र काम केलेली तुकडी लागते. ‘शंकुल’नंतरचा करार २००५ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी झाला. तोवर ही तुकडी विखुरली होती. परिणामी फ्रेंच स्कॉर्पीन आराखड्याच्या पाणबुड्यांसाठी तेच शिक्षण पुन्हा विकत घ्यावे लागले. पहिली ‘कलवरी’ २०१२ मध्ये अपेक्षित होती. ती डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली.

आरोपांची चौकशी होणे आवश्यकच होते. परंतु व्यवहाराची चौकशी करणे आणि उत्पादनच थांबविणे या भिन्न गोष्टी आहेत. दोषाची शिक्षा व्यवहार करणाऱ्यांऐवजी गोदीतील कौशल्याला झाली, ही या प्रकरणातील खरी विसंगती होय.

३. खर्च, कालावधी आणि उत्तरदायित्व

स्वदेशीच्या समर्थकांनी दुसरी बाजूही प्रांजळपणे पाहावयास हवी. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या २०१०-११ च्या अहवालात कोलकाता वर्गातील तीन विनाशिकांचा मंजूर खर्च ३,५८० कोटी रुपयांवरून ११,६६२ कोटींवर गेल्याचे दाखवून दिले. ‘कोलकाता’चे जलावतरण २००६ चे, तर नौदलातील प्रवेश २०१४ चा. आराखडा पूर्ण होण्यापूर्वीच बांधणी सुरू करणे, तसेच शस्त्रप्रणालीची निवड व पुरवठा रखडणे ही यामागील प्रमुख कारणे होत. शिवाय बहुतेक मोठी कामे दीर्घकाळ निविदेविना, नामनिर्देशनाने शासकीय गोद्यांना दिली गेली. ग्राहक शासन, गोदीचा मालक शासन आणि विलंबाचा निवाडा करणारेही शासन, अशा व्यवस्थेत दंडाची कलमे कागदावरच राहण्याचा धोका असतो.

मात्र यावर आयात हा उपाय नाही. रशियाकडून २००४ मध्ये सुमारे ९७ कोटी डॉलरना ठरलेली ‘विक्रमादित्य’ २००८ ऐवजी २०१३ मध्ये मिळाली आणि तिची किंमत सुमारे २३५ कोटी डॉलर झाली. याउलट ‘सुरत’चे जलावतरण मे २०२२ मध्ये होऊन तीन वर्षांच्या आत ती नौदलात आली. ‘कोलकाता’च्या मूळ सांगाड्यावर आधारलेल्या पुढील मालिकेतील ही चौथी नौका होती. गोदी तीच, ग्राहक तोच. फरक पडला तो पुनरावृत्तीमुळे.

४. आधाराचे स्वरूप

नागरी जहाजबांधणीला मिळणारे ३० टक्क्यांपर्यंतचे अर्थसाहाय्य ऑगस्ट २००७ मध्ये संपले आणि लगोलग जागतिक मंदी आली. नव्या साहाय्याचा निर्णय डिसेंबर २०१५ मध्ये झाला. तोवर अनेक खासगी गोद्या कर्जात बुडाल्या होत्या. कोकणात दाभोळ येथे गोदी असलेली भारती शिपयार्ड त्यांपैकीच. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६९,७२५ कोटी रुपयांच्या योजनांना मान्यता दिली आणि अर्थसाहाय्याची मुदत २०३६ पर्यंत वाढविली. हे स्वागतार्ह आहे. तथापि, नागरी आणि लष्करी जहाजबांधणीचा विचार अद्यापही वेगवेगळ्या कप्प्यांत होतो. पोलाद, झडपा, पंप, केबल आणि प्रशिक्षित कामगार दोन्हींना लागतात. मागणीची ओहोटी एका क्षेत्रात आली तर दुसरे क्षेत्र त्यांना सांभाळू शकते.

नौदल स्वदेशीकरणाचे मोजमाप तरंगणे, चालणे आणि लढणे अशा तीन अंगांनी करते. पहिल्या अंगात आपण बव्हंशी स्वयंपूर्ण आहोत. ‘विक्रांत’साठी रशियाकडून पोलाद मिळेनासे झाले, तेव्हा हैदराबादची संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळा आणि ‘सेल’ यांनी ते देशात तयार केले. पण ‘विक्रांत’ची गॅस टर्बाइन्स मुळात अमेरिकी आहेत, तर आपल्या आधुनिक विनाशिकांची युक्रेनी. २०२२ च्या युद्धाने या अवलंबित्वाची जाणीव तीव्रतेने करून दिली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, खरेदीची योजना सुट्या नौकांची न करता मालिकांची करावी आणि एक मालिका संपण्यापूर्वी दुसरीचा आदेश निघावा. दुसरी, आराखडा गोठविल्याशिवाय बांधणीस आरंभ करू नये आणि शासकीय गोद्यांनाही विलंबाचा हिशेब द्यावा लागावा. तिसरी, अर्थसाहाय्याचा ठरावीक वाटा इंजिने आणि यंत्रसामग्रीच्या संशोधनाकडे वळवावा. ‘वाघशीर’ दाखल झाल्याने २००५ चा करार पूर्ण झाला. म्हणजेच १९९४ मध्ये माझगाव गोदीत उद्भवलेली परिस्थिती पुन्हा समोर उभी आहे. या वेळी ती तुकडी विखुरणार नाही याची काळजी घेणे, हाच शासकीय आधाराचा खरा निकष मानावा लागेल.