पत्त्याच्या पोटातला पत्ता

डावीकडे दोन महिरपी कंस, उजवीकडे दोन, आणि मधोमध 'आउटलेट' हा एकुलता एक शब्द. एम्बर नावाच्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमधली एखादी टेम्प्लेट फाइल उघडली की शीर्षके, याद्या, चित्रे, बटणे यांच्या गर्दीत ही ओळ कुठेतरी निमूट बसलेली दिसते. बाकीच्या प्रत्येक ओळीला पडद्यावर काहीतरी दाखवायचे असते. हिला स्वतःचे असे काहीच दाखवायचे नसते. येणाऱ्यासाठी जागा धरून ठेवणे एवढेच तिचे काम, आणि येणारा कोण हे तिला आधी ठाऊकही नसते. ते ठरते ब्राउझरच्या वरच्या पट्टीतल्या पत्त्यावरून. एम्बरच्या साऱ्या रचनेत मला सर्वाधिक प्रिय असलेली ओळ हीच, आणि आज आपण तिच्याच आसपास रेंगाळणार आहोत.

रेंगाळायला एखादे गाव हवे, म्हणून मुंबईतले गोरेगाव घेऊ. समजा, या उपनगराची ओळख करून देणारे एक छोटेसे संकेतस्थळ आपण रचतो आहोत. कोणत्या पत्त्यावर काय दाखवायचे हे ठरवणाऱ्या राउटरच्या फाइलमध्ये आधी 'गोरेगाव' हा रूट, म्हणजे पत्त्याचा एक टप्पा, येतो. त्याच्या पोटात 'पूर्व' आणि 'पश्चिम'. पूर्वेच्या पोटात आरे, चित्रनगरी, दिंडोशी. पश्चिमेच्या पोटात जवाहरनगर, सिद्धार्थनगर, मोतीलालनगर. आणि आरेच्याही पोटात छोटा काश्मीर. कोड लिहिताना प्रत्येक पातळी आधीच्या फंक्शनच्या आत आणखी एक फंक्शन होऊन बसते, त्यामुळे ओळी पायरीपायरीने उजवीकडे सरकत जातात आणि फाइल वाचण्याआधी नुसती पाहिली तरी कोण कोणाच्या आत आहे ते कळते. आता '/गोरेगाव/पूर्व/आरे/छोटा-काश्मीर' हा पत्ता पाहा. जुन्या धाटणीच्या संकेतस्थळावर हा एका पानाचा पत्ता असता. इथे सर्वांत बाहेर ॲप्लिकेशनची टेम्प्लेट आधीच असते आणि प्रत्येक तिरकी रेघ आणखी एकेक टेम्प्लेट घेऊन येते: ॲप्लिकेशनच्या रिकाम्या जागेत गोरेगावची, तिच्या रिकाम्या जागेत पूर्वेची, मग आरेची, आणि अगदी आत छोटा काश्मीर या तळ्याकाठच्या बागेची. पाच टेम्प्लेट एकमेकींच्या पोटात शिरतात तेव्हा कुठे एक पान होते. पत्त्याची ओळ डोळा डावीकडून उजवीकडे वाचत जातो, तसतसे पान बाहेरून आत उमलत जाते.

उमलणे हा मात्र या रचनेचा अर्धाच आनंद. खरी बहार येते ती आपण जागेवरून हललो की. छोटा काश्मीर पाहून झाला, आता चित्रनगरीच्या लिंकवर बोट टेकवले. राउटर जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते शेजारी मांडतो आणि ते कुठवर एकसारखे आहेत ते पाहतो. 'गोरेगाव' तेच, 'पूर्व' तेच. वाट फुटते ती त्यानंतर. मग आधी सर्वांत आतला छोटा काश्मीर मिटतो, त्यामागून आरे मिटते, आणि पूर्वेच्या मोकळ्या झालेल्या आउटलेटमध्ये चित्रनगरी येऊन उभी राहते. निघताना आतून बाहेर, शिरताना बाहेरून आत. या साऱ्या धावपळीत गोरेगाव आणि पूर्व यांच्या केसालाही धक्का लागत नाही. पूर्वेच्या टेम्प्लेटमधली लांबलचक यादी बोटाने जिथवर सरकवली होती तिथेच थांबलेली असते, शोधाच्या चौकटीत अर्धवट टाइप केलेले 'पांडुरंगवा' पुढच्या अक्षराची वाट पाहत तसेच असते. चित्रनगरीत १९७७ पासून हेच तर चालत आले आहे: वाड्याचा सेट एकदा उभा राहतो, मग त्याच वाड्याच्या माजघरात बारसे होते, भांडण होते, वाटणी होते, माणसे येतात आणि जातात, दिंडीदरवाजा कोणी पुन्हा रंगवत बसत नाही. पश्चिमेच्या जवाहरनगरला जायचे ठरले तर मात्र वाट अधिक वर फुटते. तेव्हा पूर्वही मिटते, आणि जागचे हलत नाही ते फक्त गोरेगाव. प्रत्येक प्रवासात नेमके किती मिटवायचे आणि किती राखायचे, हा हिशेब राउटर न सांगता करतो, आणि तो कधी उधळपट्टी करत नाही.

टेम्प्लेट दिसण्याआधी प्रत्येक रूटला आपली सामग्री मागवावी लागते. त्यासाठी प्रत्येकाजवळ 'मॉडेल' नावाचा एक हूक असतो. मागणीचा क्रमही पत्त्याचाच. गोरेगावची माहिती हाती आल्याखेरीज पूर्वेची मागवली जात नाही, पूर्वेची आल्याखेरीज आरेची नाही. अधीर माणसाला हा क्रम संथ वाटेल, आणि तो कधीकधी खरोखरच संथ असतो. चार पातळ्यांच्या चार विनंत्या सर्व्हरकडे एकामागोमाग एक गेल्या तर वेळेची बेरीज होणारच. पण त्या बदल्यात काय मिळते ते पाहा: आरेच्या रूटला पूर्वेचे मॉडेल नवी विनंती न करता, शेजारून उचलावे तसे उचलता येते, कारण ते तोवर आलेलेच असते. छोट्या काश्मीरहून चित्रनगरीकडे जाताना सर्व्हरला विचारला जातो तो एकच प्रश्न, चित्रनगरीचा.

आणि उत्तर यायला वेळ लागला तर? सारा पडदा पांढरा करून मध्यभागी भिरभिरणारे चक्र दाखवण्याची सवय आपल्या डोळ्यांना झाली आहे. इथे 'लोडिंग' नावाची एक टेम्प्लेट ठेवून दिली की ती पूर्वेच्या आउटलेटपुरतीच प्रकटते. वरची यादी, नकाशा, शोधाची चौकट सगळे जागच्या जागी आणि वापरता येण्याजोगे. उत्तराऐवजी बिघाड आला, तर 'एरर' नावाच्या टेम्प्लेटचा शोध सुरू होतो. ती जवळ नसेल तर तक्रार वरच्या पातळीवर, तिथेही नसेल तर आणखी वर, अशी ॲप्लिकेशनच्या दारापर्यंत चढत जाते. पत्ता पायऱ्या उतरतो आणि अडचण त्याच पायऱ्या चढते. एकाच जिन्याचा हा दुहेरी उपयोग मला फार देखणा वाटतो.

आता एक बारीक जागा, नवख्या डेव्हलपरला हमखास चकवणारी. पत्ता '/गोरेगाव/पूर्व' इथेच थांबला, पुढे काही नाही, तर पूर्वेच्या आउटलेटमध्ये कोण येते? एम्बर अशा प्रत्येक पालक-रूटच्या पोटात न मागता एक 'इंडेक्स' रूट ठेवून देते, तो येतो. यातून एक सुंदर भेद जन्मतो. पूर्वेच्या टेम्प्लेटमध्ये जे लिहाल ते आरेत, चित्रनगरीत, दिंडोशीत, सगळीकडे सोबत राहील. पूर्वेच्या इंडेक्समध्ये जे लिहाल ते आपण नुसते पूर्वेत उभे असताना दिसेल आणि कुठेही आत वळलो की विरून जाईल. 'खालीलपैकी एखादे ठिकाण निवडा' हे वाक्य पहिल्या फाइलमध्ये पडले, तर ठिकाण निवडून तिथे पोहोचलेल्या माणसालाही ते निवडा, निवडा म्हणत राहते.

याहून सूक्ष्म गंमत पुढेच आहे. पूर्वेची टेम्प्लेट फाइल मुळात लिहिलीच नाही, तर एम्बर समजून घेते की इथे फक्त एक आउटलेट आहे, आणि आरे-चित्रनगरी बिनबोभाट दिसू लागतात. पण फाइल तयार केली आणि ती कोरी सोडली, तर आत काहीच दिसत नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल अक्षरांची एक ओळसुद्धा उमटत नाही. नसलेली फाइल वाट देते, रिकामी फाइल वाट गिळते. आउटलेट लिहायचे राहून गेले की मूल-रूट जन्मतो, त्याची सामग्री येते, पत्त्याची पट्टी बदलते, आणि पडद्यावर त्याला उभे राहायला जागाच नसते. त्या निमूट ओळीचे मोल कळते ते ती नसताना.

टेम्प्लेट रंगते कशी, याचीही एक छोटी कुळकथा आहे. येहुदा कॅट्झ आणि टॉम डेल यांनी २०११ च्या अखेरीस स्प्राउटकोअर या आधीच्या फ्रेमवर्कच्या घराण्यातून एम्बर वेगळे काढले, त्याची १.० आवृत्ती ऑगस्ट २०१३ मध्ये आली. टेम्प्लेटची भाषा हँडलबार्स, तीही कॅट्झ यांचीच. त्या काळी टेम्प्लेटमधून एचटीएमएलची सलग अक्षरमाळ तयार होई आणि ब्राउझरच्या स्वाधीन केली जाई. मग त्या माळेतला कोणता मणी पुढे बदलायचा आहे हे ओळखायचे कसे? एम्बर प्रत्येक बदलत्या मूल्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रिकामा स्क्रिप्ट टॅग रोवून ठेवत असे. पान वरून नितळ दिसे, पण आत डोकावले की जागोजागी या खुंट्या. फेब्रुवारी २०१५ च्या १.१० आवृत्तीत एचटीएमएलबार्स आले, अक्षरमाळेऐवजी थेट डॉमचे, म्हणजे ब्राउझरने पानाच्या धरलेल्या झाडाचे, नोड घडू लागले आणि खुंट्या उपटल्या गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये १.१३ सोबत ग्लिमर हे टेम्प्लेट रंगवणारे इंजिन आले. यात टेम्प्लेट कंपाइल होतानाच स्थिर काय आणि चल काय याची निवड होऊन जाते. आरेच्या टेम्प्लेटमध्ये चाळीस ओळी असोत. त्यांत नाव आणि पिनकोड या दोनच गोष्टी बदलत्या असतील, तर पुन्हा रंगवताना ग्लिमर त्या दोनच ठिकाणी पाहते. समजा, आपण आरे, चित्रनगरी, दिंडोशी असे वेगळे रूट न करता त्यांच्याऐवजी ':ठिकाण' असा एकच बदलता खंड ठेवला. मग आरेहून दिंडोशीला जाताना टेम्प्लेट मिटतही नाही, उमलतही नाही. उभ्या पानावरची चार अक्षरे तेवढी पालटतात. जे तत्त्व राउटर मोठ्या चौकटींना लावतो, तेच ग्लिमर अक्षरांना लावते.

पत्ता म्हटला की पोस्ट आठवते. पाकिटावर आपण आतून बाहेर लिहितो: खोली, इमारत, रस्ता, गोरेगाव, मुंबई. ब्राउझरचा पत्ता बाहेरून आत जातो. एम्बरमध्ये प्रत्येक टेम्प्लेटला आपापले शीर्षक पुढे जोडण्याची सोय आहे, आणि त्यामुळे टॅबवर उमटते 'छोटा काश्मीर | आरे | पूर्व | गोरेगाव'. म्हणजे पट्टीत बाहेरून आत आणि टॅबवर आतून बाहेर, दोन्ही वाचने एकाच पानावर!

पिनकोड मात्र पाकिटावर असूनही बाहेरून आत वाचायचा असतो. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन नेमके टपाल कार्यालय. ४ म्हणजे पश्चिमेकडचा विभाग, ४०० म्हणजे मुंबई, ४०००६३ म्हणजे गोरेगाव पूर्व. १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आलेली ही रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातला हा मराठी अधिकारी संस्कृतात काव्यरचना करणारा कवी होता. डब्यात डबा बसावा अशा समासांची सवय असलेल्या मनाला सहा अंकांत अख्खा देश पायरीपायरीने बसवावासा वाटला, यात मला तरी नवल वाटत नाही.

आणखी एक छोटे सुख सांगून टाकतो. एम्बरची लिंक आपण त्या पत्त्यावर असलो की स्वतःवर 'ॲक्टिव्ह' असा शिक्का मारून घेते. पण छोट्या काश्मीरमध्ये उभे असताना केवळ त्याचीच लिंक उजळत नाही. आरेची, पूर्वेची, गोरेगावची अशा साऱ्या पूर्वजांच्या लिंक एकदम उजळतात. वंशावळ वेगळी लिहावी लागत नाही. अशा कल्पनेने घराबाहेर पाऊल टाकले नसते तरच आश्चर्य. रायन फ्लॉरेन्स आणि मायकल जॅक्सन (हो, नाव हेच) यांच्या रिॲक्ट राउटरने एम्बरच्या राउटरकडून स्फूर्ती घेतली, आणि २०२१ मधल्या त्याच्या सहाव्या आवृत्तीत तर 'आउटलेट' हेच नाव घेतलेला घटक आला. गोरेगावातल्याच, हायवेलगतच्या नेस्को संकुलात एम्बर कधीही न पाहिलेला एखादा तरुण आज तो शब्द सहज टाइप करत असेल.

तरीही रूटांची ही रचना म्हणजे एक झाड, आणि झाडाला झाडाची मर्यादा असतेच. गोरेगाव स्थानक कुठे ठेवायचे? पूर्वेत टाकले तर पश्चिमेचा माणूस रागावेल. त्याला 'पूर्व' आणि 'पश्चिम' यांच्या पंगतीला, थेट गोरेगावच्या पोटात बसवणे हेच बरे, आणि तसे बसवल्यावर ते शोभतेही. आरेचा प्रश्न मात्र अधिक नाठाळ. आपण तिला पूर्वेची लेक केले, पण टपाल खात्याच्या झाडात आरे आणि चित्रनगरी मिळून ४०००६५, गोरेगाव पूर्वेपासून निराळ्या. आणि आरेतून जाणारा रस्ता पुढे पवईलाही निघतो, मरोळलाही. राउटरच्या झाडात एका रूटला आई एकच. मग अनुभवी डेव्हलपर आरेचा मजकूर एका वेगळ्या कॉम्पोनंटमध्ये काढतो आणि 'गोरेगाव/पूर्व/आरे' व 'पवई/आरे' असे दोन रूट लिहून दोन्हींच्या टेम्प्लेटमध्ये तोच कॉम्पोनंट बोलावतो. पत्ते दोन, आरे एकच. फक्त पवईकडून आलेल्याला तिच्याभोवती पवईची चौकट दिसते आणि गोरेगावकडून आलेल्याला गोरेगावची.